लाल गोळीमागची लुसीबाई

मैत्रिणींनो, आपल्या असोद्यातल्या कुठल्याही घरातली औषधांची पिशवी उघडून बघा. तापाच्या दोन गोळ्या, ॲसिडिटीची एक पट्टी आणि बी-कॉम्प्लेक्सचं अर्धं संपलेलं पाकीट हमखास सापडेल. तोंड आलं, की बी-कॉम्प्लेक्स. केस गळाले, थकवा आला, तळपायाची आग झाली, हाताला मुंग्या आल्या, की बी-कॉम्प्लेक्स. जळगावला कामाला जाणाऱ्याच्या हाती रिकामी पट्टी देऊन तसलीच आण म्हणून निरोप जातो आणि संध्याकाळी पट्टी घरात येते. दुसरीकडे सुनेला दिवस गेले, की आशाताई लाल गोळ्या आणून देतात. त्या मात्र फडताळात तशाच पडून राहतात. गोळीने मळमळतं, बाळ काळं होतं, अशा काहीबाही समजुती असतात. जी गोळी घ्यायची ती घेतली जात नाही, आणि जी विचारून घ्यायची ती चण्याफुटाण्यासारखी खाल्ली जाते!

त्या लाल गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असतं. तेही बी गटातलंच जीवनसत्त्व आहे, बी-९. त्याचा पहिला माग लागला तो आपल्या मुंबईत, परळला. लावला एका बाईने, आणि तोही गिरणगावातल्या गरीब बाळंतिणींसाठी. डॉ. लुसी विल्स हे तिचं नाव. जगभरच्या डॉक्टरांच्या पुस्तकात ते आहे, आपल्या बायकांच्या तोंडी मात्र नाही. म्हणून आज तिची गोष्ट.

लुसीचा जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड या गावचा. घरचा धंदा कोणता म्हणाल, तर विळे-कोयते बनवण्याचा! गवत कापायच्या लांब दांड्याच्या कोयत्यांपासून पीक कापायच्या विळ्यांपर्यंत धारेची सगळी हत्यारं त्यांच्या कारखान्यात होत. वडील विज्ञान शिकलेले, आई डॉक्टरांची मुलगी. घरात पुस्तकं होती, निसर्गाची आवड होती आणि मुलीने शिकावं असं वाटणारी माणसं होती. आपल्या असोद्याच्या लेकी बहिणाबाई चौधरी १८८० सालच्या, म्हणजे लुसीपेक्षा आठच वर्षांनी मोठ्या. एकीला अक्षर गिरवायलाही मिळालं नाही आणि दुसरी केंब्रिजला पोचली. काळ एक होता, पण नशिबं केवढी वेगळी!

अर्थात केंब्रिजलाही सगळं आलबेल नव्हतं बरं का. चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेत गणित-विज्ञान शिकून लुसी १९०७ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे तिचे विषय. १९११ मध्ये परीक्षा पास झाली. पण पदवी? ती नाही. मुलांच्याच वर्गात बसायचं, तोच पेपर लिहायचा, आणि पदवी फक्त मुलांना. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडावं लागलं. तोवर लुसी साठीला आली होती.

१९११ मध्येच वडील गेले. दोन वर्षांनी लाडकी बहीण एडिथ गेली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. घर सुन्न झालं. मायलेकी काही दिवस सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जाऊन राहिल्या. पुढे लुसी धाकट्या भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेली आणि तिथे असतानाच १९१४ चं महायुद्ध पेटलं. भाऊ सैन्यात भरती झाला. लुसीने केपटाऊनच्या एका इस्पितळात काही आठवडे विनावेतन परिचारिकेचं काम केलं. तोवर पुढे काय करायचं हे तिचं ठरत नव्हतं, मन मानसशास्त्राकडे ओढ घेत होतं. तिथून परतली आणि जानेवारी १९१५ मध्ये तिने लंडनच्या बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये नाव घातलं.

इथे जरा थांबू या, कारण या शाळेचं आणि आपलं नातं जुनं आहे. मुंबईच्या डॉ. रखमाबाई इथेच शिकल्या. न कळत्या वयात झालेलं लग्न नाकारलं म्हणून कोर्टात खेचल्या गेलेल्या त्याच रखमाबाई. त्या १८८९ मध्ये तिथे गेल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. लुसी त्याच शाळेतून १९२० मध्ये डॉक्टर झाली. तेव्हा वय होतं बत्तीस. आपल्याकडे त्या वयाच्या बाईला आता कशाला शिकतेस, असं आजही ऐकवलं जातं!

डॉक्टर झाल्यावर लुसीबाईंनी दवाखाना थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात गरोदर बायकांच्या आजारांवर संशोधन आणि शिकवणं हे काम त्यांनी घेतलं. लग्न केलं नाही. कामावर सायकलने जायच्या, सुट्टीत डोंगर चढायच्या.

तिकडे मुंबईत एक वेगळंच संकट उभं होतं. गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत होत्या. सातव्या-आठव्या महिन्यात धाप, पायावर सूज, अन्न जाईना, जीभ लालभडक. रक्त इतकं कमी, की बाळंतपणात किंवा त्यानंतर बाई हाती लागत नसे. लोह देऊनही उपयोग होईना. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या, अर्धवट पिकलेल्या. लोह कमी पडतं तेव्हा पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे उलटंच होतं. म्हणजे हा दुसराच आजार. बाळंतपणातले मृत्यू का होतात याचा शोध घेण्याचं काम तेव्हा हिंदुस्थानात सुरू झालं होतं. त्यात डॉ. मार्गारेट बाल्फोर या अनुभवी डॉक्टर होत्या. त्यांनी लुसीबाईंना बोलावून घेतलं.

१९२८ मध्ये लुसीबाई मुंबईत उतरल्या. काम करायची जागा परळची हाफकिन इन्स्टिट्यूट. त्याच वर्षी गिरण्यांमध्ये तो सहा महिने चाललेला मोठा संप झाला. परळ-लालबागच्या चाळींमधली चूल कशी पेटत असेल याची कल्पना करा. लुसीबाईंनी नुसती काचपट्टीवरची रक्ताची थेंबं बघितली नाहीत, तर या बायका खातात काय, हेही त्या विचारत सुटल्या. यात त्यांच्यासोबत इथलीच माणसं होती. मेहता, तळपदे, बिलिमोरिया ही नावं त्यांच्या संशोधन लेखांवर त्यांच्या नावाशेजारी छापलेली आहेत. त्यातला एस. एन. तळपदे यांच्यासोबतचा लेख तर मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणी यांच्या पाहणीचाच आहे. मोठा शोध म्हटलं की आपल्याला एकच नाव सांगतात, म्हणून ही नावं मुद्दाम लिहिली.

पाहणीतून जे दिसलं ते आपल्यापैकी कुणाही बाईला पटेल. बऱ्या खात्यापित्या घरातल्या बायकांना हा आजार फारसा होत नव्हता. ज्यांच्या ताटात हिरवी भाजी, फळं, दूध, मांस-मासे असं काहीच नसायचं, त्यांना तो गाठत होता. त्यात गरीब मुसलमान बायकांची अवस्था सगळ्यात वाईट होती. म्हणजे जंतू नव्हे, ताटातलं काहीतरी कमी पडत होतं. पण नेमकं काय?

आधी अ आणि क जीवनसत्त्वांवर संशय गेला. ती देऊन बघितली, फरक पडला नाही. मग उंदरांवर प्रयोग झाले. गरीब बायकांच्या जेवणासारखंच अन्न उंदरांच्या माद्यांना दिलं. त्या अशक्त होऊन पिल्लं व्हायच्या आधीच मरत. अन्नात यीस्ट, म्हणजे पाव फुगवायला वापरतात ते किण्व, मिसळलं की वाचत. आनंद झाला असणार, पण तो टिकला नाही. उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून एक वेगळाच रोग पसरत होता आणि रक्त त्यानेही कमी होत होतं! महिनोन्‌महिन्यांचं काम संशयात गेलं. लुसीबाई तरी हटल्या नाहीत. त्यांनी माकडांवर नव्याने प्रयोग केले. तसल्याच निकस अन्नावर माकडांचं रक्त अगदी त्या बायकांसारखंच झालं, आणि यीस्टचा अर्क दिल्यावर सुधारलं.

हा अर्क म्हणजे मार्माइट. बिअर बनवून झाल्यावर पिंपाच्या तळाशी यीस्टचा जो गाळ उरतो, त्यापासून केलेला काळपट, चिकट, खारट पदार्थ. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. बाटलीत मिळायचा, स्वस्त होता. परळच्या बायकांना तो दिला, आणि काय सांगावं! चार-पाच दिवसांत भूक लागायला लागली, नव्या तांबड्या पेशी रक्तात दिसायला लागल्या, धाप कमी झाली. जिच्या घरच्यांनी आशा सोडली होती ती बाई उठून बसली. १९३१ मध्ये लुसीबाईंनी हे सगळं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं.

त्या काळात रक्ताच्या अशाच एका जीवघेण्या आजारावर लिव्हर, म्हणजे जनावराचं काळीज, खायला द्यायचा उपाय नुकताच सापडला होता. १९२६ मध्ये अमेरिकेत तो शोध लागला आणि १९३४ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. साहजिकच सगळ्यांना वाटलं की लुसीबाईंना सापडलं ते हेच असणार. लुसीबाईंनी बारकाईने बघितलं. लिव्हरचा शुद्ध केलेला अर्क त्या दुसऱ्या आजारावर चालतो, पण मुंबईच्या या बायकांवर चालत नाही. कच्चा, फारसा शुद्ध न केलेला अर्क मात्र चालतो. म्हणजे यात दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत, एकच नाही. हे त्यांनी ठामपणे मांडलं. त्या वस्तूला नाव नव्हतं, म्हणून लोक तिला विल्स फॅक्टर म्हणू लागले.

नाव मिळालं दहा वर्षांनी. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांमधून ते द्रव्य वेगळं काढलं आणि पानाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये ते कारखान्यात बनवता आलं, आणि ते बनवणाऱ्या लेडर्ली कंपनीच्या संशोधकांचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. लिव्हरमधली ती दुसरी वस्तू १९४८ मध्ये हाती आली. लालबुंद स्फटिक. तेच आपलं बी-१२, म्हणून तर त्याचं इंजेक्शन लाल दिसतं.

आता खरी मेख ऐका. फॉलिक ॲसिड स्वस्तात मिळू लागल्यावर डॉक्टरांनी ते सगळ्याच मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाला देऊन बघितलं. ज्यांना खरं तर बी-१२ कमी होतं त्यांनाही दिलं. रक्त सुधारलं! रिपोर्ट चांगले आले. पण काही महिन्यांत त्यातल्या काहींचे पाय बधिर व्हायला लागले, तोल जायला लागला. रक्त वरवर भरत होतं आणि आत मज्जातंतू झिजत होते. लुसीबाई ज्या दोन वस्तू वेगळ्या आहेत म्हणून सांगत होत्या, त्या वेगळ्या असण्याचा अर्थ असा महागात कळला.

हे होतं कसं? विहिरीवरच्या मोटारीची वायर डोळ्यासमोर आणा. तारेवर रबराचं वेष्टण असतं. उंदराने ते कुरतडलं की मोटार कधी चालते, कधी बंद पडते. आपल्या नसांवरही असंच वेष्टण असतं आणि ते शाबूत राहायला बी-१२ लागतं. रक्ताच्या पेशी बनायला फॉलिक ॲसिड आणि बी-१२ दोन्ही लागतात, पण फॉलिक ॲसिड भरपूर दिलं तर बी-१२ नसतानाही रक्ताचं काम काही काळ ढकललं जातं. नसांचं काम मात्र फॉलिक ॲसिड करू शकत नाही. रक्त कमी झालं असतं तर बाई डॉक्टरांकडे गेली असती, बी-१२ चा संशय आला असता. ती खूणच पुसली जाते. आणि नसा फार दिवस उपाशी राहिल्या तर नंतर कितीही इंजेक्शनं घ्या, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.

आपल्याकडे हा धोका पुस्तकी नाही. बी-१२ झाडपाल्यात नसतं. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतच ते मिळतं. आपल्या भागात माळकरी घरं किती आहेत! अंडंसुद्धा चालत नाही, आणि दूध असलं तरी ते डेअरीला जातं, उरलं तर पोरांना आणि पुरुषांना. घरच्या बाईच्या वाट्याला चहातलं चमचाभर. दिवसाला लागतं फक्त दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही एवढं. पण कपभर दुधात साधारण एकच मायक्रोग्रॅम असतं आणि उकळताना त्यातलंही थोडं जातं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यात साधारण तीनपैकी दोघींमध्ये बी-१२ कमी होतं, फॉलेट मात्र बहुतेकींमध्ये पुरेसं होतं. २००८ मध्ये त्यांनी मांडलं, की ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी लक्षणं अधिक दिसली. आईच्या ताटाचा हिशेब किती दूर जातो बघा.

म्हणून हे वाचून आशाताईंच्या लाल गोळ्या बंद करू नका हं! त्या गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस, असा सरकारी कार्यक्रम आहे. हे प्रमाण ठरवून दिलेलं आहे, त्याने बाळ काळं होत नाही. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्या, चहाबरोबर घेऊ नका. उलट फॉलिक ॲसिड आणखी आधी सुरू व्हायला हवं. बाळाचा पाठीचा कणा गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होतो, तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांचं आधीचं बाळ कण्याच्या दोषाचं होतं अशा बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं. दोष परत येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. मूल हवं असं ठरलं, की त्याच महिन्यात डॉक्टरांना भेटून ही गोळी सुरू करायची असते. आणि त्याच भेटीत आपलं बी-१२ तपासू या का, असंही विचारायचं. दोन्ही कमी निघाली तर आधी बी-१२ भरून काढतात. दुकानात पाच मिलीग्रॅमची फॉलिक ॲसिडची गोळीही मिळते. ती लाल गोळीतल्या प्रमाणाच्या दहापट आहे, स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेण्याची नाही.

आता ती मुंग्यांवरची गोळी. नसांसाठी म्हणून जी जोडगोळ्यांची पाकिटं मिळतात त्यात बी-१, बी-६, बी-१२ एकत्र असतं. बी-१२ जास्त झालं तर सहसा अपाय होत नाही. बी-६ चं तसं नाही. आपल्याला दिवसाला ते जेमतेम दोन मिलीग्रॅम लागतं. जळगाव जिल्ह्यातल्या बाईला तर हे मिळणं सोपं आहे, एका केळ्यातच त्यातला जवळपास पाचवा हिस्सा मिळतो! पण काही गोळ्यांमध्ये ते ५० किंवा १०० मिलीग्रॅम असतं. एका डॉक्टरांनी नसांची गोळी दिली, दुसऱ्यांनी टॉनिक दिलं, आणि पोरीने केसांसाठी ऑनलाइन मागवलेली आपण चाखली, की तिन्हीकडचं बी-६ पोटात एकत्र होतं. आणि जास्त झालेल्या बी-६ ने काय होतं? हातापायाला मुंग्या आणि बधिरपणा! ज्यासाठी गोळी घेतली तेच. मग बाई आणखी एक गोळी वाढवते. १९८३ मध्ये अमेरिकेत हे पहिल्यांदा ठळकपणे नोंदवलं गेलं, दिवसाला दोन-दोन, सहा-सहा ग्रॅम घेणाऱ्यांमध्ये. पुढे बऱ्याच कमी मात्रेवरही, दीर्घकाळ घेतल्यास त्रास होतो असं दिसलं, आणि २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा १२ मिलीग्रॅमवर आणली. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात पायरिडॉक्सिन असं लिहिलेलं असतं, ते बी-६. चष्मा लावून आकडा वाचायला काहीच हरकत नाही. टीबीच्या औषधांबरोबर मात्र बी-६ मुद्दाम देतात, नसा सांभाळण्यासाठी. ते स्वतःहून सोडू नका.

तळपायाची आग हे नुसतं जीवनसत्त्वांचं दुखणं असेल असंही नाही. साखर वाढली असली तरी तेच होतं, थायरॉइडनेही होतं. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि वर्षानुवर्षं रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये बी-१२ हळूहळू कमी होतं. त्यांनी वर्षा-दोन वर्षांत तपासून घ्यावं. झटक्यांवरची गोळी चालू असेल किंवा सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर फॉलिक ॲसिड कधी आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. केसांच्या गोळ्यांमध्ये बायोटिन भरपूर असतं, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त द्यायला जाण्याआधी तपासणीवाल्यांना तसं सांगा. बी-कॉम्प्लेक्सने लघवी पिवळीधमक झाली तर घाबरू नका, ते बी-२ बाहेर जातं. ताकदीचं इंजेक्शन म्हणून घरी बोलावून टोचून घ्यायची पद्धत मात्र सोडायला हवी. क्वचित एखादीला त्याची जोरात रिॲक्शन येते, आणि अशा वेळी खाटेवर नव्हे, दवाखान्यात असलेलं बरं. जीभ सोलल्यासारखी होणं, बटण लावताना बोटं न चालणं, अंधारात तोल जाणं, विसरायला होणं यातलं काही असेल तर आधी रक्त तपासायचं, मग गोळी. आधी गोळी खाल्ली की तपासणीत खरं दिसत नाही.

फॉलेटपुरतं सांगायचं तर खान्देशच्या स्वयंपाकघरात लुसीबाईंनी टाळ्या वाजवल्या असत्या. मेथी, पालक, हरभऱ्याची कोवळी पानं, कळण्याच्या भाकरीतले उडीद, शेंगदाणे, सगळ्यात ते आहे. फक्त ते उष्णतेने आणि पाण्याने पळतं. भाजी उकडून पाणी फेकून दिलं की गेलं. आपला घोळाणा म्हणूनच मोलाचा. कच्च्या पानांवर कांदा, दाणकूट, तेल-मीठ, वर शिजवणं नाही. भरताबरोबर तो असतोच, रोजच्या ताटातही असू द्या.

लुसीबाईंचं पुढे काय झालं? १९३३ पर्यंत त्यांच्या मुंबईच्या फेऱ्या चालू होत्या. मधले काही महिने कुन्नूरला आणि मद्रासलाही त्यांनी काम केलं. १९३७ मध्ये त्या पुन्हा हाफकिनला आल्या, या वेळी पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून, पाच दिवस टप्पे घेत कराचीपर्यंत. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्येच राहिल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांच्या रॉयल फ्री हॉस्पिटलवर उडता बॉम्ब पडला, त्यात त्यांच्याच विभागाची हानी झाली. युद्ध संपेपर्यंत विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि त्या हॉस्पिटलातला रक्तविकारांचा पहिला विभागही त्यांनीच उभा केला. नोबेल वगैरे काही मिळालं नाही. १९४७ मध्ये निवृत्त झाल्या आणि घरी न बसता जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असं फिरत तिथल्या बायका-पोरांचा आहार आणि रक्त तपासत राहिल्या. शेवटची काही वर्षं लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या.

२६ एप्रिल १९६४ रोजी त्या गेल्या. २०१९ मध्ये त्यांच्या १३१ व्या वाढदिवसाला गुगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा कुठे मोबाइल उघडणाऱ्या अनेकांना हे नाव पहिल्यांदा दिसलं. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट आजही त्याच जागी उभी आहे.